स्वयंपाकघरातली कोठी: सुताराला बोलावण्याआधी

डोंबिवलीत गल्लोगल्ली जुन्या तीन-चार मजली इमारती उतरवून नव्या उभ्या राहत आहेत. नव्या नकाशात स्वयंपाकघराला चिकटून चार बाय सहा फुटांची एक चौकट काढलेली असते आणि तिच्यावर ‘स्टोअर’ असं लिहिलेलं असतं. ताबा मिळाला की वाचकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. कडाप्पा बसवू की प्लाय? फळ्या किती आणि कुठल्या उंचीवर? भिंतीला चर पाडू नका असं बिल्डरचा माणूस सांगतो, त्यात तथ्य आहे का? सरळ ट्रॉल्या करून मोकळं व्हावं का?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कोठी फसते ती बहुतेक वेळा फळ्या कमी पडल्यामुळे नाही, तर त्या नको इतक्या खोल केल्यामुळे. सुतार ओट्याखालच्या कपाटांच्या सवयीने दोन-दोन फुटांची फळी सुचवतो, आपल्यालाही भरपूर जागा मिळाल्याचं समाधान वाटतं. मग पुढच्या रांगेआड मागची रांग दिसेनाशी होते. गणपतीच्या आवराआवरीत मागून मे महिन्यातली रव्याची पिशवी निघते आणि तिला जाळी धरलेली असते. कोठीत उभं राहिल्यावर प्रत्येक डबा एका नजरेत दिसला पाहिजे, ही एवढी अट धरून बसलात तर बाकीचे बरेच निर्णय सोपे होतात.

आधी डबे मोजा, भिंत नंतर

सुताराला बोलावण्याच्या आदल्या दिवशी घरातले सगळे डबे, पिंपं, बरण्या हॉलमध्ये मांडा आणि प्रत्येकाची उंची आणि तळ टेपने मोजून वहीत लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून काढलेला कोठीचा नकाशा अंदाजपंचेच असतो. तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा साधारण सव्वानऊ इंच रुंद आणि चौदा इंचांच्या आसपास उंच भरतो. स्टीलच्या डब्यांची मापं मात्र दुकानागणिक बदलतात. तुमच्याकडचा दहा किलोचा डबा शेजारच्यांच्या दहा किलोच्या डब्याएवढा असेलच, असं धरून चालू नका.

मोजताना सामानाचे चार गट पाडा:

- रोजचं: चहा, साखर, पोळ्यांची कणीक, तांदूळ, एक-दोन डाळी, फोडणीचं सामान. यातलं बरंचसं ओट्याजवळच राहतं, ते कोठीत ढकलू नका.
- महिन्याचं: वाण्याकडून येणारा किराणा, साबण आणि धुण्याची पावडर सोडून.
- वर्षाचं: बेगमी. गहू, तांदूळ, तूरडाळ, कडवे वाल, आमसुलं, मसाला, पापड, कुरडया, लोणची.
- सणाचं: मोठी परात, मोदकपात्र, पुरणयंत्र, सोऱ्या, फराळाचे डबे, गणपतीचं मखर.

तिसरा गट घरागणिक बदलतो. आयरे, भोपर, सोनारपाड्याच्या बाजूच्या आगरी घरात पावसाआधीच्या अगोटीत सुके बोंबील, जवळा, सुकट, वर्षाचा मसाला आणि तांदूळ भरला जातो. दुसऱ्या घरात भाजणी, मेतकूट, सांडगी मिरची आणि सहा प्रकारची लोणची असतात. तिसऱ्या घरात दोघंही सकाळी सात-बाराच्या आतबाहेरची फास्ट लोकल पकडणारे, आणि किराणा दर रविवारी मोबाइलवरून येतो. या तिसऱ्या घराने शेजाऱ्यांचं पाहून पन्नास किलो गव्हाची सोय करण्यात अर्थ नाही. त्यांना उथळ फळ्या आणि जास्त लहान कप्पे हवेत. मासळी साठवणाऱ्या घरात तिच्यासाठी रबरी कडेचं घट्ट झाकण असलेले डबे आणि दारापासून सर्वांत दूरचा वेगळा खण ठेवा. रवा-पिठाच्या शेजारी तो वास चार दिवसांत पसरतो.

चार बाय सहाचं गणित

राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरातल्या कोठीचं किमान क्षेत्र ३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२ चौरस फूट आणि उंची किमान २.२ मीटर धरली आहे. चार बाय सहा म्हणजे २४ चौरस फूट, म्हणजे आपल्या नकाशातलं ‘स्टोअर’ बहुधा त्याहूनही लहान निघतं. म्हणून इथे इंच-इंच मोजावा लागतो.

दार चार फुटांच्या बाजूला आहे असं समजू. आतली रुंदी ४८ इंच. दोन्ही लांब भिंतींवर १२-१२ इंचांच्या फळ्या घेतल्यात तर मधे २४ इंच उरतात. एवढ्यात माणूस उभा राहतो, पण खाली वाकून पिंपातून तांदूळ काढता येत नाही. पाठ मागच्या फळीला लागते. वाकायला, डबा काढून वळायला निदान ३० इंच हवेत, ३६ मिळाले तर उत्तम.

मग अशी मांडणी करा:

1. एका लांब भिंतीवर १२ इंचांची फळी. डब्यांची एकच रांग.
2. समोरच्या लांब भिंतीवर फक्त ६ इंचांची. मसाल्याच्या बाटल्या, लोणच्याच्या लहान बरण्या, पाकिटं, एकाआड एक न लपता. मधे ३० इंच उरतात.
3. दारासमोरच्या चार फुटी भिंतीवर १५ इंचांची फळी चालते, कारण तिथे तुम्ही समोरून उभे राहता. तेलाचा डबा, गव्हाचं पिंप, मोठी भांडी इथे.

बारा आणि पंधरा इंचांच्या फळ्या जिथे मिळतात तो कोपरा आत गडप होतो. तिथे फळ्या जोडण्याचा हट्ट सोडा आणि जमिनीपासून वरपर्यंत ती जागा एका उंच पिंपाला देऊन टाका.

दार आत उघडणारं असेल तर ते एका भिंतीच्या फळ्या खातं. बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्या. जागाच नसेल तर दार काढून टाका, जाड सुती पडदाही चालतो. सगळ्यांना तो आवडत नाही, हे मान्य.

उंचीचं म्हणाल तर:

- जमिनीपासून ६ इंच मोकळे. फरशी पुसता यावी, झुरळं दिसावीत, ओल वर चढू नये. खाडीकडच्या सखल भागात तळमजल्यावर राहत असाल आणि २६ जुलै २००५ ला घरात पाणी आलं असेल, तर त्या पाण्याची खूण आठवून पहिली फळी तिच्या वर घ्या.
- त्यावर १८ ते २० इंचांचा खण. जड सगळं इथे.
- अडीच ते पाच फूट. हात आणि नजर दोन्ही सहज पोचतात. फळ्यांमधलं अंतर तुमच्या डब्याच्या उंचीपेक्षा दोन इंच जास्त, एवढंच. त्याहून जास्त ठेवलंत की डब्यावर डबा चढतो आणि खालचा काढायला वरचे दोन उतरवावे लागतात.
- पाच ते साडेसहा फूट. पापड, कुरडया, शेवया अशा हलक्या वस्तू.
- त्यावर माळा. सणाची भांडी. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूंनाच तिथे जागा. काचेची बरणी किंवा तेल तिथे चढवू नका.

घरात कोठी सर्वांत जास्त कोण वापरतं त्या व्यक्तीला उभं करून हात वर करायला सांगा आणि भिंतीवर पेन्सिलने खूण करा. पुस्तकातलं माप त्या खुणेपुढे कुचकामी आहे. सासूबाई आणि सूनबाई दोघी वापरणार असतील तर ठेंगण्या व्यक्तीची खूण धरा.

भिंत कशाची आहे?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि तोच सर्वांत महागात पडतो. जुन्या डोंबिवलीत विटांची भिंत असायची. गवंडी तिच्यात चर पाडून कडाप्पा आत सरकवायचा, वर सिमेंट, काम संपलं. नव्या इमारतींत तीन प्रकार दिसतात.

भिंत विटांची असली तरी आतली बरीचशी चार इंची असते. तिच्यात दोन्ही बाजूंनी चर पाडले तर ती कमकुवत होते. एका बाजूला फळी आणि पलीकडे टीव्हीचं युनिट असेल तर आधी तपासा.

एएसी ब्लॉकची भिंत हलकी आणि सच्छिद्र असते. नेहमीचा प्लास्टिकचा गिट्टा तिच्यात पकड धरत नाही. आज घट्ट वाटतो, सहा महिन्यांनी गव्हासकट खाली येतो. अशा ब्लॉकसाठी मिळणारे वेगळे अँकर वापरायला लावा, किंवा सगळं वजन जमिनीवर उतरेल अशी उभ्या पट्ट्यांची मांडणी करा.

तिसरा प्रकार माइव्हन शटरिंगच्या, म्हणजे सलग काँक्रीटच्या भिंतींचा. मोठ्या टॉवरमध्ये आणि कल्याण-शीळ रस्त्याकडच्या संकुलांत त्या हमखास दिसतात. या भिंती इमारतीचा भार उचलतात. त्यांत चर पाडायचा नाही, हे बिल्डरच्या माणसाचं म्हणणं बरोबर आहे. ड्रिलने अँकरचं भोक चालतं, तेही वायरिंगचा नकाशा पाहून. कडाप्पाच हवा असेल तर तो उभ्या कडाप्प्यांच्या पायांवर बसवून घ्या.

कडाप्पा, प्लाय की लोखंडी रॅक

*कडाप्पा.* माझं झुकतं माप याला. वाळवी लागत नाही, पाण्याने फुगत नाही, पुसला की स्वच्छ. वजन मात्र लक्षात घ्या: तीन फूट लांब, एक फूट रुंद, पाऊण इंच जाड अशी नुसती फळीच चौदा किलोच्या आसपास जाते. तिच्यावर दहा-दहा किलोचे तीन डबे ठेवलेत तर आधारावर पंचेचाळीस किलो. म्हणून दर तीन फुटांवर आधार हवाच. हा चुनखडीचा दगड असल्याने लिंबाचा रस, व्हिनेगर, लोणच्याचा खार सांडला की डाग खोल बसतो. लोणच्याच्या बरणीखाली ताटली ठेवा. पुढची कड गोल घासून घ्यायला विसरू नका, नाहीतर कपाळ आपटतं.

*प्लाय.* सफाईदार दिसतो, फळ्या खालीवर करता येतात. आयएस ७१० चा शिक्का असलेला, उकळत्या पाण्यालाही टिकणारा प्लायच घ्या, १८ मिलिमीटर. आधाराशिवाय अडीच फुटांपेक्षा लांब फळी ठेवू नका, मधे झोळ येतो. फक्त समोरून सनमायका लावून मागची बाजू आणि कडा उघड्या सोडायची खोड अनेकांना असते. पावसाळ्यात ओल तिथूनच शिरते. सगळ्या कडा बंद करून घ्या. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डच्या वाटेला कोठीत जाऊ नका.

*पीव्हीसी, डब्ल्यूपीसी.* वाळवी नाही, पाणी नाही. पण धान्याच्या वजनाने वाकतात. सहा इंची मसाल्याच्या फळीला चालतील.

*लोखंडी अँगलचा रॅक.* पावडर कोटिंग केलेला घेतलात तर स्वस्तात, एका दुपारी उभा राहतो. घर बदललं की बरोबर नेता येतो. दिसायला दुकानाच्या गोदामासारखा, म्हणून लोक नाकं मुरडतात, पण कोठी पाहुण्यांना दाखवायची जागा नाही. वरून भिंतीला एक क्लॅम्प मात्र मारा, लहान मूल चढलं तर रॅक पुढे येतो.

ट्रॉल्यांचा मोह कोठीत टाळावा. चॅनेल, चाकं, मधल्या मोकळ्या फटी यांत जागा जाते, आणि पैशांच्या मानाने डबे कमी मावतात. ट्रॉली ओट्याखाली शोभते, जिथे वाकून आत पाहता येत नाही.

ओल आणि कीड

जुलै-ऑगस्टात आपल्याकडे हवेतला दमटपणा दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असतो. कोठी ही बंद खोली, म्हणून तिथे तो साचतो. नैर्ऋत्येचा पाऊस ज्या भिंतीवर आपटतो ती किंवा बाथरूमला लागून असलेली भिंत कोठीची असेल, तर पहिला पावसाळा जाईपर्यंत तिथे काहीही पक्कं बसवू नका. तात्पुरता रॅक ठेवून बघा. भिंत कोरडी राहिली तर पुढे काम करा. मागे पूर्ण प्लाय ठोकण्याऐवजी फळ्या आणि भिंत यांत एक इंच मोकळा सोडला तर हवा खेळते. दाराला खाली आणि वर जाळीची पट्टी ठेवा. खिडकी असेल तर तिला बारीक जाळी लावा, नाहीतर डक्टमधून उंदीर येतो.

ड्राय बाल्कनी बंद करून तिथेच कोठी करायचा बेत बरेच जण आखतात. तिथे वॉशिंग मशीन असतं, पावसाचे शिंतोडे असतात आणि मंजूर नकाशात ती बाल्कनी असते. बंद करायला सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी लागू शकते. भांडी, झाडू, बादल्या तिथे ठेवा. धान्य नको.

कीड बहुधा बाहेरून येत नाही, धान्याबरोबर घरात येते. म्हणून:

- गहू आणि डाळी मे महिन्यात कडक उन्हात वाळवून, पूर्ण निववून मगच भरा. गरम भरलेल्या डब्यात आतून पाणी सुटतं. तांदूळ उन्हात घालू नका, त्याची कणी पडते.
- तूरडाळीला एरंडेल चोळून ठेवायची पद्धत चांगली आहे. कडुनिंबाचा वाळलेला पाला, तमालपत्र, बिब्बे हेही घाला, पण त्यांच्या भरवशावर ओलसर धान्य भरू नका.
- रवा, मैदा, पोहे पावसाळ्यात महिन्याच्या महिन्याला आणा. जास्त आणलंत तर पुडा चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, आतली अंडी मरतात. मग बाहेरच्या हवेला येऊ देऊन कोरडं झाल्यावरच डब्यात भरा.
- नवं धान्य जुन्यावर ओतू नका. डबा रिकामा, पुसलेला, कोरडा. झाकणावर चिकटपट्टीचा तुकडा आणि भरल्याचा महिना.
- तांदळाला बोरिक पावडर चोळायची सवय अजून अनेक घरांत आहे. ती सोडा. पाऱ्याच्या गोळ्याही डब्यात नकोत.
- गव्हाला लावायच्या म्हणून कुणी सल्फासच्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या दिल्या तर घराच्या उंबऱ्याच्या आत आणू नका. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू जीव घेतो. बंद फ्लॅटमध्ये माणसं दगावली आहेत.

कांदे-बटाटे बंद डब्यात नव्हे, जाळीच्या टोपल्यांत, आणि दोघांना एकत्र न ठेवता. कोठीत हवा खेळत नसेल तर ते बाहेरच बरे.

कोठीत काय नको

भरलेलं जादा सिलिंडर नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो आणि बंद कोठीत त्याला वाट नसते. पाइप गॅस असेल तर मीटर आणि बंद करायची चावी फळ्यांआड झाकू नका. इन्व्हर्टरची बॅटरी नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. फ्रीज कोठीत ठेवला तर त्याच्या उष्णतेने सगळी कोठी तापते आणि तेलं खवट होतात. झुरळांचं औषध, फिनेल, ॲसिड वेगळ्या जागी. दिव्याचं बटण बाहेर घ्या, दोन्ही हात भरलेले असताना आत चाचपडावं लागत नाही.

कागद, परवानगी आणि हक्क

काम सुरू करण्याआधी सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी घ्या. आदर्श उपविधींत घरातल्या बदलांना ती लागते. कामाच्या वेळा आणि डेब्रिज कुठे टाकायचं हेही त्यातच लिहून मागा.

नवं घर घेत असाल तर करारातलं चटई क्षेत्र पाहा. रेरा कायद्यानुसार बाहेरची बाल्कनी चटई क्षेत्रात धरत नाहीत, घराच्या आतली कोठी धरतात. विक्रेता ‘स्टोअर’ म्हणून ड्राय बाल्कनीकडे बोट दाखवत असेल तर नकाशा समोर ठेवा. आणि महारेराचा क्रमांक दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. बनावट परवानग्या दाखवून तो क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण आपल्याच गावातलं आहे. महापालिकेच्या नगररचना विभागात बांधकाम परवानगी खरी आहे का ते विचारल्याशिवाय फर्निचरवर खर्च करू नका.

ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष निघाला, कोठीची भिंत पाझरली, तर घर विकत घेतलेल्यांना बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं रेराप्रमाणे बंधनकारक आहे. फोटो काढा, तारीख लिहा, लेखी कळवा. पुनर्विकासातल्या जुन्या सभासदांनी मात्र दोषदुरुस्तीचा कालावधी आणि कोठीचं नेमकं माप आपल्या पर्यायी जागेच्या करारातच लिहून घ्यावं, नंतर वाद नको. जुन्या सोसायटीत गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपमधून पाणी येत असेल तर तो खर्च सोसायटीचा. वरच्या घराच्या मोरीतून येत असेल तर त्या सभासदाचा.

सुताराशी किंवा मॉड्युलरवाल्याशी बोलताना दर कशावर ते आधी ठरवा. समोरून दिसणाऱ्या चौरस फुटांवर, की धावत्या फुटांवर? सहा इंची आणि पंधरा इंची फळीला एकच दर लागला तर उथळ कोठी करणाऱ्याचं नुकसान होतं, तेव्हा फळीच्या क्षेत्रफळावर दर मागा. कोटेशनमध्ये प्लायचा ब्रँड, शिक्का, जाडी, कडांचं काम, बिजागऱ्या, पूर्ण करायची तारीख आणि जीएसटीचं बिल हे सगळं हवं. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता फळ्या भरून आठवडा झाल्यावरच. भरलेल्या फळीखाली दोरी ताणून धरा, मधे फळी दोरीला टेकली तर झोळ आहे.

काम फसलं आणि समोरचा फोन उचलेनासा झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करा. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि वकील नसला तरी चालतं. कोटेशन, बिल, पैसे दिल्याचा पुरावा आणि फोटो मात्र हवेत. तोंडी बोलण्यावर काम दिलेलं असेल तर इथे अडतं.

भाड्याच्या घरात असाल तर भिंतीला हात लावू नका. सुटा रॅक आणा आणि लिव्ह अँड लायसन्सच्या करारात ‘भाडेकरू स्वतः आणलेला रॅक जाताना घेऊन जाईल’ एवढं एक वाक्य घालून घ्या. डिपॉझिट परत घेताना त्याचा उपयोग होतो.